बॉयकट आणि 'मित्रा'

रोह्याहून निघालेल्या गाडीत, बायकांच्या डब्यात बॉयकट आणि कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या दिसल्या, की पेण यायच्या आत कुणीतरी हटकतंच, "ओ दादा, लेडीज आहे!" मग तिचा आवाज ऐकला की नजरा आणखीच रोखल्या जातात.

अशी मुलगी मराठी रंगभूमीवर १९८१ सालीच येऊन गेली. नाटककार विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्रा, म्हणजेच 'मित्रा'. रोहिणी हट्टंगडींनी ती साकारली. धाडसी नाटक, वादच नाही. पण बाईवर जीव जडलेल्या मित्राला शेवटी आत्महत्याच करावी लागते, हे आज खटकतं.

१९९५मध्ये मुंबईत बाईवर प्रेम करणाऱ्या बायकांची 'स्त्री संगम' ही संघटना सुरू झाली. तीच आताची 'लेबिया'. पण शर्ट-पँटमधल्या साऱ्यांची ओळख एकच नसते: कुणी स्वतःला बाई म्हणतं, कुणी पुरुष, तर कुणाला दोन्ही नको असतं.

२०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. घरी मात्र "केस कधी वाढवणार?" चालूच.