एकशेतेहतीस रुपयांचा मालक

ज्याला जगात कुणीच मालक म्हणत नाही, त्याने एखादा भाडेकरू ठेवावा. सबंध हिंगोलीत मला मालक म्हणणारा एकच माणूस आहे; आमच्या खालच्या गाळ्यातला शिंपी. गाळा माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांना दिला होता. आता दोघेही नाहीत. घर मला वारशाने मिळालं, गाळा त्याला. थट्टा नव्हे, बापाबरोबर दुकानात काम करणारा मुलगा बापामागे भाडेकरू होतो, असं कायद्यातच आहे.

आमच्याकडे आधी हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा होता. मुंबईत तर बहुतेक भाडी १ सप्टेंबर १९४० लाच गोठलेली. मग ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला एकच भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने मालकांवर दया केली : दरसाल चार टक्के वाढवा! तेव्हा आमचं भाडं होतं ५० रुपये. मी कॉमर्सचा माणूस, चक्रवाढीने मांडलं. पंचवीस वर्षांत १३३ रुपये झाले. शिंपी एका पँटची शिलाई ५०० घेतो. म्हणजे चार महिने मालकी केली की माझी एक पँट होते. कापड माझंच.

गंमत पुढेच आहे. बँकांना भाड्याने दिलेल्या जागेला हा कायदा लागू नाही. म्हणजे कोट्यवधींच्या ठेवी सांभाळणारी आमची बँक कायद्याच्या लेखी उघड्यावर, आणि खाली शिलाई मशीन घेऊन बसलेला गृहस्थ किल्ल्यात!

हसण्यावारी नेलं असतं, पण आईचे गुडघे गेले. जिना चढताना ती तीनदा थांबते. वकील म्हणाले, "स्वतःच्या गरजेसाठी जागा मागता येते. पण तुम्हाला न मिळाल्याने त्रास जास्त, की त्याला सोडावी लागल्याने, हे कोर्ट तोलून पाहील." एका पारड्यात आईचे गुडघे, दुसऱ्यात त्याच्या चार माणसांचं पोट. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "अरे, त्याच्या बापानं तुझ्या मुंजीचे कपडे शिवले. पैसे घेतले नाहीत. त्याला कोर्टात उभा करणार का तू?" खटला तिथेच निकाली निघाला. वरच्या कोर्टात अपील नाही.

मात्र दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. गच्चीवर आमची एक खोली आहे. परवा शाखेत बदलून आलेला पोरगा विचारत होता. लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला खरं तर भीती नको. मुदत संपून राहिला तर दुप्पट भाडं भरावं लागतं. पण करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर भाडेकरू सांगेल ते खरं, आणि वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुरुंगाचं भाडं मात्र सरकार घेत नाही, एवढंच काय ते समाधान. सगळं आईला समजावलं. तिने 'कैद' एवढंच ऐकलं.

पोरगा सध्या लॉजवर राहतो. काल डबा खाताना त्याने विचारलं, "सर, त्या खोलीत आत्ता कोण राहतं?"

"दोन गव्हाच्या कोठ्या," मी म्हणालो, "आणि एक मोडका पाळणा."