रविवारची सकाळ, फोर्ट आणि मावशीची खिडकी

रोज सीएसएमटीला उतरून धावत ऑफिस गाठता ना? मग एखाद्या रविवारी सकाळी साडेसातला उतरून बघा. हॉर्न नाहीत, धक्के नाहीत. मान वर करून बघायला चक्क वेळ असतो!

डी. एन. रोडने चालायला लागा आणि कमानींखालच्या दुकानांच्या पाट्या बघा. एके काळी इथे बोर्डांची नुसती मारामारी होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एमएमआरडीएने या रस्त्यासाठी डिझाइन हँडबुक करून घेतलं. पाटी केवढी आणि कुठे लावायची, हे त्यात होतं. पालिका आणि दुकानदार सोबत आले आणि बोर्डांमागच्या कमानी पुन्हा दिसू लागल्या. म्हणजे सरकारी कागदाने शहर सुंदर होऊ शकतं. विश्वास बसत नाही, पण खरंय.

या सगळ्याचं मूळ १९९५ सालच्या हेरिटेज नियमांत आहे. असे नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. इमारतींना ग्रेड मिळाल्या: एक, दोन-अ, दोन-ब आणि तीन. ग्रेड जितकी वरची, तितकी तोडफोडीला मनाई कडक. बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला टीडीआरची सोय, म्हणजे तो हक्क दुसरीकडे विकता येतो.

पालिका स्वतःच मालक असली की काम जमतं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम घ्या. २००३ मध्ये पालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला. २००५ मध्ये युनेस्कोचं अवॉर्ड आलं आणि २००८ मध्ये म्युझियम नव्या रूपात उघडलं.

आता काळा घोड्याला या. इथला वॉटसन, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन. ७ जुलै १८९६ला ल्युमिए बंधूंचे सिनेमे भारतात पहिल्यांदा इथेच दाखवले गेले. ग्रेड दोन-अ असूनही इमारत इतकी खिळखिळी झाली, की २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. यादीत नाव होतं, पण वेळेवर दुरुस्ती नव्हती.

हे मला जास्त बोचतं, कारण माझी मावशी गिरगावात अशाच एका जुन्या, ग्रेड तीनच्या इमारतीत राहते. रविवारची माझी चक्कर तिच्याकडच्या जेवणावरच संपते. तिच्या लाकडी खिडकीची चौकट कुजलीय. ॲल्युमिनियमची स्लायडिंग लावायची तर रस्त्यावरून दिसणारं रूप बदलतं, आणि सागवान परवडत नाही. परवानगी एका ऑफिसात, दुरुस्ती दुसऱ्या ऑफिसात, आणि घरमालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात काय करू? टीडीआर मालकाला, भाडेकरूला काहीच नाही.

"अगं, घर जपायचं तर मलाही आहेच की," आमटी वाढताना मावशी म्हणाली. "पण यादीत नाव घातलं, तशी चौकट पण बसवून द्या म्हणावं."

मला वाटतं, सगळी हेरिटेज पॉलिसी तिच्या या एका वाक्यात आली. नियमांनी तोडणारे हात थांबवले, हे मोठंच काम. आता घर सांभाळणाऱ्यांच्या हातात थोडे पैसे हवेत, आणि तीनऐवजी एकच टेबल.

तोवर तुम्ही रविवारी फोर्टात जाच. शूज आरामाचे घाला, आणि मान वर!