नगरचा पारा ७६ ला का पोचत नाही

पुस्तकात हवेचा दाब म्हणजे पाऱ्याचा ७६ सेंटिमीटर स्तंभ. तो समुद्रकाठचा. नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचावर. इथे नळी उभी केली तर पारा सत्तरीच्या आसपासच थांबेल. उरलेली हवा आपल्या पातळीच्या खाली राहिली. आजच्या मापात समुद्रकाठी १०१३ हेक्टोपास्कल, नगरला ९४० च्या आगेमागे.

*

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. केंद्रातला दाब ९८४. म्हणजे नगरचा रोजचा आकडा वादळाच्या पोटातल्या आकड्याच्याही खाली! तरी इथे रोज पत्रे उडत नाहीत. वारा सुटतो तो एकाच पातळीवरच्या दोन ठिकाणांतल्या फरकाने. वर-खालचा फरक कितीही मोठा असो, खालची हवा वरच्या हवेचं ओझं पेलत असते, हिशेब तिथेच मिटतो. म्हणून नकाशावर समदाब रेषा ओढण्याआधी प्रत्येक गावाचा आकडा समुद्रसपाटीला आणून घेतात. हे न सांगता मुलांकडून समदाब रेषांची व्याख्या घोकून घेणं मला काही पटत नाही.

*

पुष्कळ मोबाइलांत वायुदाबमापक असतो, मालकाला पत्ता नसतो. चांदबिबी महालाच्या डोंगरापाशी आकडा बघावा, मग वर जाऊन बघावा. इकडे नऊ-सव्वानऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल कमी.

*

विहिरीवरची मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो. खरं तर मोटर पाइपातला दाब तेवढा कमी करते. विहिरीतल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा ते पाणी पाइपात वर रेटते. समुद्रकाठी हा रेटा फार तर १०.३ मीटर पुरतो, नगरच्या उंचीवर साडेनऊ. पाइपातलं घर्षण, सांध्यांची गळती वजा जाता हाती राहतात सहा-सात मीटर, म्हणजे वीस-बावीस फूट. साठ फुटी विहिरीच्या काठावर मोटर ठेवून भागत नाही ते यामुळेच. ती आत, कपारीत नाहीतर लोखंडी अँगलवर बसवायची, आणि उन्हाळ्यात पाणी खाली जाईल तशी दोरखंड लावून खाली सरकवायची. पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फुटव्हॉल्व्ह, गळका असला की पाइपात शेणकाला ओततात. फटी बुजतात, पाइप भरलेला राहतो. एखाद्या सांध्यातून हवा शिरली की मोटर नुसती घरघरते, पाणी येत नाही. पाणबुडी मोटर आली आणि ही कटकट गेली, कारण ती पाण्यातच बसून पाणी वर ढकलते.

*

कर्नल विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारच्या नोकरीत १८२०च्या दशकात दख्खनभर वायुदाबमापक घेऊन हिंडला. (पक्षी बघणाऱ्यांना त्याचं नाव एका चंडोलामुळे ठाऊक.) दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. हजारो नोंदींतून त्याला दिसलं ते असं: दाब सकाळी नऊ-दहाला चढलेला, दुपारी चार-पाचला उतरलेला, रात्री दहा-अकराला पुन्हा चढ, पहाटे पुन्हा उतार.

याचं कारण सूर्य. वरचा ओझोन आणि खालचं बाष्प ऊन शोषतात, सगळं वातावरण तापतं, फुगतं, आणि त्याच्या लाटा सूर्यामागून पृथ्वीभर फिरतात. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राची, हवेची सूर्याची. फरक अवघा दोन-तीन हेक्टोपास्कलचा. युरोपात सततच्या येत्या-जात्या वादळांत तो झाकला जातो. दख्खनच्या पठारावर उघडा दिसतो. दुपारी चारला आकडा पडलेला दाखवून कुणी पाऊस येणार म्हणालं, तर त्याला काल चारला किती होता ते विचारावं. चार वाजताची तुलना चार वाजताशीच.

*

याच साइक्सला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून गोल इंद्रधनुष्य दिसलं, मधोमध त्याची स्वतःची सावली. इंद्रवज्र. ऊन पाठीशी आणि धुकं कड्याखाली हवं. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा जायचं ते सकाळी. भाग्य लागतं.

*

कोकणातून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते. फुगताना गार होते आणि बाष्पाचं पाणी होतं. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर. तिथून हवाई अंतराने सव्वाशे किलोमीटरवरच्या नगरला साडेपाचशे-सहाशे. घाट उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते, ढग विरतात. एकच जिल्हा!

जुलैत सुप्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या गरगरत असतात आणि खाली बाजरी माना टाकते. नुसतं वारं सुटलंय, पाऊस कुठाय, हे वाक्य तेव्हा दर पारावर ऐकू येतं. हा वारा ओढणारा कमी दाबाचा पट्टा राजस्थान-पाकिस्तानकडचा. तो जेवढा जोरात, तेवढी सह्याद्रीची पश्चिम बाजू न्हाऊन निघते, आपल्याला त्यातले शिंतोडेच. नगरचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला. तेव्हा पश्चिमेचा वारा मंदावतो, बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं इकडे सरकतात, दिवसभर उकडतं आणि दुपारनंतर गडगडाटासह कोसळतो. रब्बी ज्वारीची पेर त्या ओलीवर होते.