नको म्हणायचे तर कागदावर म्हणा

नाशिकहून गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत आमचे गाव आहे. गावाचे नाव इथे घालत नाही, कारण ज्या अर्जाबद्दल लिहिते आहे तो अजून निकाली निघालेला नाही. गावाच्या वेशीवरची दोन एकर जमीन बाहेरच्या एका माणसाने घेतली. तारेचे कुंपण पडले, तेव्हा हॉटेल होणार एवढेच आम्हाला ठाऊक होते. पुढे तिथे मजुरीला जाणाऱ्या बायकांनीच बातमी आणली की हे नुसते जेवणाचे हॉटेल नाही, पब आहे. रात्री उशिरापर्यंत गाणी, नाच आणि दारू. आणि जागा अशी, की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची वाट त्याच कुंपणाला लागून जाते.

असे धंदे आमच्याच भागात का येतात, हे वाचकांना सांगायला हवे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षापासून वाइन करण्याच्या धंद्याला उत्तेजन देणारे धोरण आणले. निफाड तालुक्यातल्या विंचूरला वाइन पार्क झाले. नाशिकच्या आसपास वाइनचे कारखाने उभे राहिले, ते बघायला मुंबई-पुण्याचे लोक येऊ लागले आणि त्यांच्या मागून हॉटेले आली. द्राक्षाशी आमचे भांडण नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर आमच्या अर्ध्या वस्तीची चूल पेटते. मी स्वतः हंगामात पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचे घड निवडते. पण बागेत मजुरी करणे वेगळे आणि आपल्या पोराबाळांच्या वाटेवर रात्रीची दारू आणून ठेवणे वेगळे.

गावातले एक शहाणे गृहस्थ आम्हाला म्हणाले, "अहो ताई, तो पब मोटारवाल्यांसाठी आहे. तुमच्या माणसांना तिथे कोण आत घेणार?" त्यांचे खरे आहे. आमची माणसे तिथे पाहुणा म्हणून जाणार नाहीत. ती जातील ताटे उचलायला, गाड्या राखायला आणि पहाटे फुटक्या बाटल्या गोळा करायला. दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला घरी येणाऱ्या आमच्या मुली त्याच रस्त्याने चालत येतील, आणि समोरून प्यालेला माणूस मोटार हाकत येईल. शिवाय उन्हाळ्यात गावाला एक दिवसाआड पाणी मिळते. त्यांच्या नव्या बोअरने आमच्या विहिरीचे काय होईल, याचे उत्तर कोणी देत नाही.

मग नोकऱ्यांचे आमिष आले. मालकाचा माणूस वस्तीत येऊन सांगून गेला की गावच्या वीस पोरांना काम देऊ. माझा मुलगा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे होता. ते काम सुटून सहा महिने झाले आहेत. वीस नावांत त्याचे नाव पहिल्या पाचांत होते. विरोधाचा अर्ज घेऊन बायका आमच्या दारी आल्या, त्या रात्री तो म्हणाला, "आई, महिना बारा हजार देणार म्हणतात. तुझी सही दिसली की माझं नाव कटेल."

मी त्याला विचारले, "बाळा, बारा हजार देणार हे त्यांनी कुठे लिहून दिलंय?"

लिहून काहीच दिलेले नव्हते. नोकरीचे बोलणे सारे तोंडी, परवान्याचा अर्ज मात्र लेखी. मी सही केली. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो, पण काम अजून मिळालेले नाही आणि घरात त्याची झळ रोज लागते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. दारूला विरोध करणाऱ्या बाईला काही गमवावे लागत नाही, असे कोणी समजू नये.

विहारात बैठक झाली, तेव्हा काही भगिनी म्हणाल्या की आपल्या पंचशीलात दारू वर्ज्य आहे आणि बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या प्रतिज्ञांतही ती आहे, तेवढे लिहिले की पुरे. मी म्हटले, ते आपल्या घरासाठी आहे आणि ते आपण पाळायचेच. पण हा रस्ता सगळ्या गावाचा आहे. मराठ्यांच्या आळीतल्या आणि ठाकरवाडीतल्या बायकांची सही हवी असेल, तर अर्जात शाळा, रात्रीचा रस्ता आणि पाणी लिहा. आधाराला राज्यघटनेचे कलम ४७ आहेच. मादक पेयांच्या बंदीसाठी राज्याने झटावे, असे ते मार्गदर्शक तत्त्व सांगते. त्याप्रमाणे अर्ज झाला आणि तिन्ही वस्त्यांत फिरला.

आता कायद्याचे जे कळले ते सांगते, कारण इतर गावांनाही त्याचा उपयोग होईल. पबच्या अर्जाला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला जोडायचा होता आणि तो विषय ग्रामसभेपुढे आला. ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांत जो आकडा कमी असेल तेवढी. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते. खरी मेख पुढे आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा गणपूर्तीची अटच नसते. दहा-पंधरा माणसांत ठराव होऊन जातो आणि गावाला तो महिन्याने कळतो. म्हणून पहिल्या सभेला जा आणि तहकूब झाली तर पुढच्या सभेलाही जा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असाही कायदा आहे. ती कागदावरच उरकली जात असेल तर तसे होऊ देऊ नका.

एकदा दुकान उघडले की ते बंद करण्याची वाटही आहे, पण फार चढाची. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते, एक आडवी. आडवीला निम्म्याहून जास्त मते पडली तर दुकान बंद. मात्र हे निम्मे मोजतात ते यादीतल्या एकूण महिलांचे, मतदानाला आलेल्यांचे नव्हे. समजा, यादीत ८०० बायका आहेत. त्यांतल्या ५०० आल्या, ३५० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आणि उभ्या बाटलीला फक्त १५० मते मिळाली. तरी दुकान चालूच राहणार, कारण ४०० च्या वर मते हवी होती. जी बाई घरी बसली, तिचे मत उभ्या बाटलीच्याच कामी येते. सासरी गेलेल्या मुलींची आणि वारलेल्या आजींची नावे यादीत राहिली असतील, तर तीही आपल्याच विरोधात जातात.

शिकलेल्या अक्षराचा उपयोग कसा होतो, ते आंध्रातल्या बायकांनी दाखवले आहे. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरता वर्गातल्या बायकांनी गावकऱ्यांनी दारूचे दुकान बंद पाडल्याचा धडा वाचला आणि आपल्या गावातले दुकान बंद पाडले. १९९२ साली हे लोण सगळ्या राज्यात पसरले. सरकारला १९९३ मध्ये अर्राक ही स्वस्त दारू आणि १९९५ मध्ये सगळीच दारू बंद करावी लागली. पण १९९७ मध्ये सरकारने बंदी सैल केली. आपल्याकडे चंद्रपूरच्या बायका २०१० साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. चोरटी दारू वाढली, असे कारण सांगितले गेले. चोरट्या दारूची भीती खोटी नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे मेली. पण आम्ही राज्यभर बंदी मागत नाही. आमच्या शाळेच्या वाटेवर नवा परवाना देऊ नका, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या ग्रामसभेत व्हायचे तेच झाले. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेच्या दिवशी मात्र आम्ही एकशे चाळीस बायका शाळेच्या पटांगणात बसून होतो. कामाला खाडा करून आलेल्या, कडेवर पोर घेऊन आलेल्या. ग्रामसेवकांनी विषय वाचला. एक म्हातारी आजी उठून म्हणाली, "भाऊ, आमचं नाही आहे, ते आमच्या देखत लिहा." विषय पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवल्याचे इतिवृत्तात लिहिले गेले. आम्ही त्याची नक्कल मागून घेतली.

म्हणजे अजून काही जिंकलेले नाही. पुढच्या सभेची नोटीस लागेल तेव्हा बागांत छाटणी चालू असेल आणि दिवसाची मजुरी सोडून येणे कोणालाच सोपे जाणार नाही. म्हणून आम्ही आत्ताच घरे वाटून घेतली आहेत. एका बाईकडे दहा घरे. प्रत्येकीने मतदार यादी बघायची, गेलेली नावे नमुना ७ भरून कमी करून घ्यायची, नव्या सुनांची नावे घालायची आणि सभेच्या आदल्या रात्री दारोदार आठवण करायची. माझ्या वाट्याच्या दहा घरांपैकी सात झाली आहेत, तीन राहिली आहेत.