चेनला काय टाकता?

मोटरसायकल चालवणाऱ्या दोन माणसांत भांडण लावून द्यायचं असेल तर फार कष्ट नकोत. चहा मागवायचा आणि सहज विचारायचं, "चेनला काय टाकता?" एक म्हणतो, नव्वद नंबर. दुसरा म्हणतो, छे, त्याला धूळ चिकटते, स्प्रेच पाहिजे. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे काका वळून सांगतात की गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, आणि त्यांच्या गाडीला वीस वर्षांत काही झालेलं नाही. पुढचा अर्धा तास तुम्हाला तोंड उघडायची गरज पडत नाही :-)

मला यात रस वाटायचं कारण म्हणजे आमच्या घरी दोन गाड्या आहेत. बाबांची शंभर सीसी साताऱ्याला, माझी जरा मोठी इथे पुण्यात. दोघींच्या चेनची देखभाल माझ्याकडे. आणि दोघींना मी वेगवेगळं ल्यूब वापरतो. का, ते सांगायचं तर आधी चेन आतून कशी असते ते बघायला लागेल. घाबरू नका, फार खोलात जात नाही.

आपण वापरतो त्या चेनचं पेटंट हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाने मँचेस्टरमध्ये १८८० साली घेतलं. रचना अजून तीच आहे. बाहेरच्या दोन पट्ट्यांना पिन जोडलेली, पिनेवर बुश, बुशवर रोलर. रोलर स्प्रॉकेटच्या दातांवर बसतो, तो आपल्याला दिसतो. पण खरी झीज होते ती आत, पिन आणि बुश यांच्यामध्ये. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पिन बुशमध्ये थोडीशी फिरते, आणि इंजिनाचा सगळा ओढा नेमका तिथेच असतो.

"चेन ताणली गेली" असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. म्हणजे बघा, लहान गाड्यांवर बहुतेक ४२८ नंबरची चेन असते. त्यातला पहिला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर चार-अष्टमांश इंच, म्हणजेच अर्धा इंच, १२.७ मिमी. समजा चेनला ११२ कड्या आहेत. लांबी झाली साधारण १४२२ मिमी. आता प्रत्येक जोडावर एक-दशांश मिलीमीटर झीज झाली असं धरा. डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. पण ११२ जोडांची मिळून ११ मिमी झाली! चेन एक सेंटिमीटरहून जास्त लांबली. मग ती दातांवर नीट बसत नाही, दात झिजतात, झिजलेले दात चेनला आणखी झिजवतात, आणि एक दिवस मेकॅनिक सांगतो की पूर्ण सेट बदलावा लागेल.

तेव्हा ल्यूबचं पहिलं काम म्हणजे त्या पिन आणि बुशच्या फटीत पोचणं. आणि इथेच बाबांची गाडी आणि माझी गाडी यांचे रस्ते वेगळे होतात.

बाबांच्या गाडीची चेन साधी आहे. आत जायचं ते तेल आपणच घालायचं, आपण नाही घातलं तर कोणीच घालत नाही. माझ्या गाडीची चेन ओ-रिंगवाली. तिच्यात कारखान्यातच पिन आणि बुशमध्ये ग्रीस भरून, पट्ट्यांच्या मध्ये रबराच्या बारीक रिंगा बसवून ते कायमचं बंद केलेलं असतं. मी बाहेरून जगातलं सर्वात महाग ल्यूब मारलं तरी ते आत जाणार नाही, आणि जायलाही नको. मग बाहेरून लावायचं कशाला? तर रोलर आणि स्प्रॉकेटसाठी, पट्ट्यांना गंज चढू नये म्हणून, आणि मुख्य म्हणजे त्या रबराच्या रिंगा कोरड्या पडून तडकू नयेत म्हणून. रिंग गेली की आतलं ग्रीस गेलं आणि पाणी आत आलं. त्यानंतर काहीही ओता, उपयोग नाही.

म्हणजे साध्या चेनला आत झिरपणारं तेल हवं, आणि ओ-रिंगच्या चेनला रबराला न दुखवणारं, बाहेर टिकणारं काहीतरी. चहाच्या टेबलावरच्या भांडणात हा प्रश्न कोणी विचारतच नाही की बाबा रे, तुझी चेन कुठली?

आता एकेक उमेदवार घेऊ.

जळकं ऑइल. काकांची माफी मागून सांगतो, नको. इंजिनातून काढलेल्या त्या काळ्या तेलात काजळी असते, धातूचा अगदी बारीक चुरा असतो, आम्ल असतं. म्हणूनच तर ते इंजिनातून काढलं ना! जे इंजिनाला नको झालं ते चेनला का द्यायचं? शिवाय ते वारंवार हाताला लागणं त्वचेलाही चांगलं नाही. काकांच्या गाडीला काही झालं नाही कारण काका दर आठवड्याला न चुकता टाकतात. श्रेय त्या तेलाला नाही, काकांच्या शिस्तीला आहे.

ग्रीस. दिसायला भरघोस, पण बाहेरून फासलेलं ग्रीस फटीत शिरत नाही, बाहेरच बसतं आणि धूळ गोळा करतं. धूळ आणि ग्रीस एकत्र म्हणजे घासायची पेस्टच. जुन्या काळी लोक चेन काढून ती गरम, पातळ केलेल्या ग्रीसमध्ये बुडवून ठेवायचे, त्यात अर्थ होता. बोटाने फासण्यात नाही.

डब्ल्यूडी-४०. याचं नाव निघालं की वाद आणखी पेटतो. हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं, आणि नावाचा अर्थच आहे पाणी हटवणारा चाळिसावा फॉर्म्युला. ओलावा घालवायला आणि मळ सोडवायला चांगलं, पण चेनवर टिकून राहायला फार पातळ. त्याच कंपनीने चेनसाठी वेगळं ल्यूब काढलंय, यात काय ते आलं.

नव्वद नंबरचं गिअर ऑइल. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एसएई ८० किंवा ९० गिअर ऑइल असं सरळ छापलेलं असतं, ओ-रिंगच्या चेनसाठीसुद्धा. प्रचंड दाबाखाली दात एकमेकांवर घासतात तिथे हे वापरतात, त्यामुळे त्यात दाब सोसणारी रसायनं असतात. तो गंधकासारखा उग्र वास त्यांचाच. झिरपतं छान. तोटा असा की उडतं. जास्त झालं की रिमवर आणि पँटवर काळी नक्षी. हिशोब मात्र जोरदार आहे. एका वेळेला १५ मिली पुरतं. लिटरभर बाटलीत ६६ वेळा होतं. दर ५०० किमीला लावलं तर ३३,००० किमी!

स्प्रे. डब्यातून निघतो तेव्हा पातळ असतो, म्हणून फटीत जातो. मग त्यातलं द्रावण उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. उडत कमी, पँट वाचते. पण स्प्रे मारून लगेच किक मारली तर द्रावण उडायच्या आधी ल्यूबच उडतं. रात्री मारावं, सकाळी निघावं. चिकटपणामुळे कोरड्या रस्त्यावर धूळ धरतो, पावसात मात्र गिअर ऑइलपेक्षा जास्त टिकतो. मेणाचे स्प्रेही मिळतात, ते धूळ कमी धरतात पण वारंवार लावावे लागतात.

मग यात सर्वांत चांगलं कुठलं? इथे मला एक गंमतशीर प्रयोग आठवतो. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलच्या चेन मोजल्या. किती शक्ती वाया जाते ते पाहायला. वेगवेगळी ल्यूब लावली, तरी स्वच्छ प्रयोगशाळेत फारसा फरकच दिसला नाही. उत्तम स्थितीत चेनने ९८.६ टक्के शक्ती पोचवली. स्पायसर यांनी अंदाज केला की ल्यूबचं एक काम नुसतं जागा अडवण्याचं असावं, म्हणजे तिथे घाण शिरत नाही. तो प्रयोग सायकलचा होता आणि त्यात झीज मोजली नव्हती, हे मान्य. पण आपल्या रस्त्यांवर वैरी कोण, ते यातून नीट कळतं. वैरी धूळ आणि पाणी.

म्हणून माझी वाटणी अशी. बाबांच्या साध्या चेनला नव्वद नंबर, बाराही महिने. तिला पूर्ण चेनकव्हर आहे, त्यामुळे उडालं तरी आतच उडतं. कव्हरचं रबरी बूच काढायचं, चाक हाताने फिरवत थेंब थेंब सोडायचं. माझ्या चेनला उन्हाळ्या-हिवाळ्यात नव्वद नंबर अगदी कमी, आणि जून ते सप्टेंबर स्प्रे. ताम्हिणीतून भिजून आलो किंवा कोकणात समुद्राकाठी राहून आलो की किलोमीटर मोजत नाही, त्याच दिवशी पुसून लावतो.

पुसण्यासाठी रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि जुना बनियन. ओ-रिंग असेल तर पेट्रोल आणि थिनर लांब ठेवा, रबर फुगतं. तेल चेनच्या आतल्या बाजूने, खालच्या पट्ट्यावर सोडायचं, म्हणजे चेन फिरताना ते बाहेरच्या दिशेने पट्ट्यांमधून जातं. गाडी फिरवून आणल्यावर चेन कोमट असते, तेव्हा सगळ्यांत छान झिरपतं. मग जास्तीचं पुसून टाकायचं. बाहेरून चमकणारं तेल कोणाच्याच कामाचं नाही.

आता शेवटचं, आणि यासाठीच खरं तर हे सगळं लिहायला बसलो.

बाबा चेन पुसायचे ती गाडी डबल स्टँडला लावून, इंजिन चालू, पहिला गिअर, आणि फडकं चेनवर धरून. आपोआप फिरते, काम पटकन होतं. तुमच्याही ओळखीत कोणी ना कोणी असं करत असेल. मी म्हटलं, "बाबा, इंजिन बंद करा आधी." तर म्हणाले, "अरे, इतकी वर्षं असंच करतोय. हळू तर फिरतीये."

मग मी वर्तमानपत्राच्या कडेला गणित मांडलं. आयडलिंगला इंजिन १४०० आरपीएम. पहिल्या गिअरला पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत ते साधारण दहापट कमी होतं, म्हणजे मिनिटाला १४० फेरे. चौदा दात गुणिले १२.७ मिमी, एका फेऱ्याला जवळजवळ १८ सेंटिमीटर चेन. सेकंदाला झाली ४० सेंटिमीटर. फडक्याचा धागा कडीत अडकला, हे मेंदूला कळून हात मागे यायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात चेन दहा सेंटिमीटर पुढे गेलेली असते. बाबांचा हात स्प्रॉकेटपासून किती लांब होता? मी टेप लावून दाखवलं. आठ.

बाबा अकाउंट्समधले. आकडा त्यांना लगेच कळतो. काही बोलले नाहीत, वाकून चावी काढली आणि खिशात टाकली. मग मी चाक फिरवत राहिलो आणि त्यांनी चेन पुसली. दोघांनी मिळून दहा मिनिटं लागली.

तेव्हा ल्यूब तुमच्या चेनकडे आणि रस्त्याकडे बघून निवडा, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. जास्तीत जास्त चेनसेट लवकर बदलावा लागेल. पण गिअर न्यूट्रल, चावी खिशात, आणि चाक हाताने. आज रविवार आहे, आणि तुमच्या घरीही कोणी फडकं घेऊन गाडीजवळ बसलं असेल, तर जरा बाहेर जाऊन बघून या.