पाण्याच्या माथ्यावरची बाग

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये गेले की हिरवळीच्या कडेला बसून मी तळहात गवतावर टेकवते. सकाळचं दव, भुसभुशीत माती, घाईनं निघालेली एखादी मुंगी. त्या मातीखाली छत आहे, छताखाली खांब, आणि खांबांमधून अंधारात उभं राहिलेलं पाणी. १८८०च्या दशकातल्या या जलाशयात सुमारे १४.७ कोटी लिटर पाणी मावतं. वर पोरं पळतात, म्हातारी माणसं बाकांवर बसून गुडघ्यांची चौकशी करतात. खाली अर्ध्या दक्षिण मुंबईची तहान साठलेली असते.

खालच्या पाण्यानंच बागेचा स्वभाव ठरवलाय. छतावर खोल मुळांना जागा नाही. म्हणून मधोमध फुलांचे वाफे, कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपं, आणि दाट सावलीची झाडं कडेकडेनं. माळीबुवांची कातर कच्‌कच्‌ चालते, पानांचा हिरवा चुरा वाटेवर पडतो, नि हिरव्या प्राण्याची पाठ पुन्हा गोल होते. बागेला नाव फिरोजशहा मेहतांचं. मुंबई महापालिकेच्या कारभाराला ज्यांनी घडण दिली, त्यांचं नाव पालिकेच्या पाण्यावर फुललेल्या बागेला फार शोभतं. तिकडे माझगावात भंडारवाड्याच्या टेकडीवरही असंच: वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान, पोटात जलाशय. पाणी उंचावर साठवलं की उतारानं आपसूक घरोघर जातं. त्या उंचीवर लोकांना वाराही मिळावा, असं कुणाला तरी सुचलं. या सुचण्याबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते.

गिरगावातल्या आमच्या चाळीत पाणी पहाटे यायचं. आधी नळातून हवा खरखरायची, मग गढूळसर धार, मग स्वच्छ. पिंप, हंडे, कळशा भरेपर्यंत आई कुणाशी बोलत नसे. ते पाणी या टेकडीवरून उतरून यायचं. आणि टेकडीवर ते यायचं कुठून? भातसा, तानसा, वैतरणा. ठाणे-नाशिककडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस धरणांत अडतो आणि मैलोन्‌मैल नळांतून शहरात पोचतो. याच धरणांच्या शेजारी, शहापूर तालुक्यात, उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात, टँकरची वाट पाहतात. हे आठवलं की गवतावर टेकलेला माझा हात जड होतो.

२०२३ साली हा जुना जलाशय पाडून नव्यानं बांधायची योजना चर्चेत आली, तेव्हा शेकडो झाडांवर कुऱ्हाड येणार म्हणून नागरिक उभे राहिले. जाणकारांनी आत उतरून जलाशयाची तपासणी केली. त्या झाडांसाठी झगडणाऱ्यांचा मला अभिमान आहे. पण झाडांइतकाच जीव आपण पाण्याच्या उगमालाही लावायला हवा. बागेत रोज हजारो पावलं फिरतात. त्यांच्या वाटेवर एक ठळक फलक लावावा: हे पाणी कोणत्या धरणांतून आलं, त्यासाठी कोणती गावं बुडाली, कोणती अजून तहानलेली आहेत. आणि तो वाचणाऱ्या शहरानं आधी त्या गावांच्या नळाला पाणी मागावं. या बागेची सावली भोगणाऱ्या प्रत्येकावर तेवढं देणं आहे.