राजपुत्र भेटला, पुढे काय?

आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, इथूनच आपल्या सगळ्यांची सुरुवात झालेली आहे. आजीच्या गोष्टीतला राजपुत्र शिकारीला जायचा, तहानेने व्याकूळ व्हायचा आणि नेमका एखाद्या गरीब मुलीच्या दारात पाणी मागायचा. आता तोच राजपुत्र इंग्रजी कादंबऱ्यांतून येतो. मुलगी पुस्तकांच्या दुकानात कामाला असते, नाहीतर बालवाडीत शिकवत असते. त्याची कॉफी तिच्या अंगावर सांडते आणि तीनशे पानांनंतर तिच्या डोक्यावर मुकुट चढतो. मधल्या पानांत राणीसाहेबांचा विरोध, वर्तमानपत्रांचा गलका आणि एक मोठा गैरसमज.

माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. तिच्या उशाशी अशी एक तरी कादंबरी असतेच. आमचे हे थट्टा करतात, "राजपुत्र मिळाला की आम्हालाही वाड्यात एक खोली दे हो." मी मात्र नाक मुरडत नाही. दिवसभर कॉलेज, क्लास आणि आकडेमोड करून आलेल्या मुलीने रात्री चार पानं राजवाड्यात घालवली तर बिघडलं कुठे?

एकदा रात्री ओटा पुसता पुसता तिने विचारलं, "मावशी, असं खरंच कधी झालंय का गं? आपल्याकडे?"

"झालंय की," मी म्हटलं, "आणि त्या गोष्टीतली मुलगी आपल्याच गावात पुरलेली आहे."

मी इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलींच्या सहलीबरोबर मकबऱ्याला जाणं दरवर्षीचंच. तिथे संगमरवरी जाळीवरून खाली वाकून कबर बघायची आणि सगळ्यांसारखं एखादं नाणं टाकायचं. ही कबर औरंगजेबाची बायको दिलरास बानू हिची. ती इराणच्या सफवी राजघराण्यातली, म्हणजे जन्मानेच राजकन्या. १६३७ साली लग्न झालं आणि १६५७ साली, पाचव्या बाळंतपणानंतर महिन्याभरातच, ती याच शहरात वारली. मकबऱ्यावर ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च झाल्याची नोंद आहे. ताजमहालाच्या मानाने ही रक्कम किरकोळ, पण बाईचं नाव राहिलं.

दुसरी जी होती तिचं नाव हिराबाई. ती राजकन्या नव्हती, सरदाराची मुलगीही नव्हती. औरंगजेबाच्या मावशीच्या नवऱ्याकडे, मीर खलील याच्याकडे, ती दासी होती. गाणं उत्तम गायची. १६५३ साल. दख्खनचा सुभेदार म्हणून आलेला शाहजादा औरंगजेब बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होता. तापीपलीकडे जैनाबादेत एक बाग होती. मावशीबरोबर आलेल्या बायका तिथे फिरत होत्या. हिराबाईने उडी मारून आंब्याच्या झाडावरची कैरी तोडली आणि तेवढ्यानं शाहजादा जो घायाळ झाला तो झालाच. एका हकिकतीत तर तो तिथेच बेशुद्ध पडला असं लिहिलंय.

इथवर अगदी कादंबरी. भाचीचे डोळे चमकले. मग मी तिला पुढचं सांगितलं. हा शाहजादा पस्तिशीचा होता आणि सहा लेकरांचा बाप. त्याच वर्षी, त्याच बुऱ्हाणपुरात, दिलरास बानूने मुलगा आझम याला जन्म दिला होता. कादंबरीकार हे पान नेहमीच गाळतात. राजपुत्र नेहमी पंचविशीतला, बिनलग्नाचा आणि बाळंतिणीची खोली नसलेल्या वाड्यात राहणारा!

आणि हो, हा तोच औरंगजेब, ज्याने पुढे १६८९ साली आपल्या शंभुराजांना हालहाल करून मारलं. आज शहराला महाराजांचं नाव आहे. औरंगजेबाच्या प्रेमाचं कौतुक मला सांगायचंच नाही. मी चौकशी करते आहे ती हिराबाईची.

तर हिराबाई त्याच्याकडे आली कशी? 'अहकाम-इ-आलमगिरी' या फारसी पुस्तकात सांगितलंय की मीर खलीलने तिच्या बदल्यात औरंगजेबाच्या जनान्यातली छत्तरबाई मागून घेतली. म्हणजे भांड्यावर भांडं द्यावं तसं. हिराबाईला कुणी विचारल्याचं त्यात नाही. छत्तरबाईला तर नाहीच नाही.

औरंगाबादच्याच शाहनवाझखानाने १८व्या शतकात लिहिलेल्या 'मआसिर-उल-उमरा'त एक प्रसंग आहे. एके दिवशी हिराबाईने शाहजाद्यासमोर मद्याचा पेला धरला. तो कधी न पिणारा. त्याने परोपरीने विनवलं, ती ऐकेना. शेवटी त्याने पेला ओठाशी नेला, तेव्हा तिने तो काढून घेतला आणि सांगितलं की मला तुमच्या प्रेमाची परीक्षा बघायची होती. ही हकिकत शंभर टक्के खरी धरायची की नाही ते विद्वानांनी ठरवावं. मला मात्र त्यात एक हुशार, सावध बाई दिसते. अदलाबदलीत आलेली बाई दुसरं करणार तरी काय? ज्याच्या लहरीवर आपलं सगळं आयुष्य टांगलेलं आहे, त्याची लहर किती पक्की आहे हे तिला तपासून बघावंसं वाटलं.

पुढे फार दिवस उरले नव्हते. हिराबाई तरुणपणीच गेली. तिला औरंगाबादेत मोठ्या तलावाच्या काठी पुरलं, असं नोंदलेलं आहे. आमच्या सहलीच्या यादीत मकबरा असतो, पाणचक्की असते, दौलताबाद असतं. हिराबाई कधीच नसते.

"शी, काय गं मावशी," भाची म्हणाली, "शेवट गोड असलेली सांग ना एखादी."

तशी एक आहे, म्हणून सांगितली. इंदूरचे तुकोजीराव होळकर, तिसरे. अमेरिकेतल्या सिॲटलची नॅन्सी मिलर ही मुलगी त्यांना भेटली. हिंदू धर्म स्वीकारून, शर्मिष्ठा हे नाव घेऊन तिने १९२८ साली त्यांच्याशी लग्न केलं, चार मुली झाल्या आणि ती इंदूरचीच होऊन राहिली. पण याच तुकोजीरावांच्या वाड्यातून मुमताज बेगम नावाची नर्तकी त्याआधी पळून मुंबईला आली होती. तिला परत जायचं नव्हतं. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर तिची मोटार अडवून तिला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. तिला आसरा देणारे व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. योगायोगाने तिथून चाललेल्या इंग्रज अधिकाऱ्यांमुळे मुमताज वाचली. चौकशीला सामोरं जाण्याऐवजी पुढच्या वर्षी महाराजांनी गादी सोडली. एकाच दाराने एक बाई हौसेने आत गेली आणि एक जीव मुठीत धरून बाहेर पडली. मला दोघींचीही गोष्ट पटते, कारण दोघींनी आपलं आपण ठरवलं.

हे सगळं मी भाचीला सांगत बसले त्याला कारण होतं. माझ्या ताईकडे तेव्हा एक स्थळ चालून आलं होतं. मोठं घर, मोठा व्यवसाय, दारात तीन गाड्या. मुलाने हिला एका लग्नात पाहिलं आणि पसंत केली. भावजी नोकरदार माणूस, ते तर हरखूनच गेले. "पोरीने नशीब काढलं," जो तो म्हणत होता. मुलाकडच्यांनी हुंडा नको म्हटलं, लग्नही तेच करून देणार होते. एकच अट होती, आमच्या घरातल्या सुना नोकरी करत नाहीत. हिने सी.ए.ची पहिली परीक्षा दिलेली. फोनवर साड्यांचे रंगसुद्धा ठरत होते, पण हिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मुलगा वाईट नाही गं. मला आवडलाय. पण माझ्या पुस्तकांतली मुलगी आधी नाही म्हणते. मग तो तिच्या दुकानाच्या दारात येऊन उभा राहतो. मला कुणी नाही म्हणायला जागाच ठेवली नाही."

मी थक्क झाले. ज्या कादंबऱ्यांना सगळे खुळचट म्हणतात त्यांतून पोरीने नेमकं हे उचललं होतं. त्या पुस्तकांतले मुकुट खोटे, राणीसाहेब खोट्या. पण एक गोष्ट त्यांत न चुकता असते. राजपुत्राला विचारावं लागतं आणि मुलीच्या उत्तराची वाट बघावी लागते. हिराबाईच्या हकिकतीत नेमकं तेच पान नाही.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. ताई आधी चिडली. "तू तिच्या डोक्यात भरवू नकोस. अशी स्थळं पुन्हा येत नाहीत." तिचंही खोटं नव्हतं. धाकटी अजून शिकतेय, भावजींची निवृत्ती दोन वर्षांवर. मी एवढंच म्हटलं, "ताई, तिला तिचं तिला बोलू दे." भाचीने मग स्वतः मुलाला फोन करून सांगितलं की परीक्षा पुरी होईपर्यंत थांबता येईल का आणि नंतर काम करता येईल का, हे दोन्ही मला लग्नाआधी कळायला हवं. त्याने घरी विचारून सांगतो म्हटलं. त्याला आज तीन आठवडे झाले. उत्तर अजून आलेलं नाही. ताई रोज फोन करते. भाची अभ्यास करते, आणि झोपण्याआधी चार पानं वाचते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या मुलीच्या हातात अशी कादंबरी दिसली तर हिसकावून घेऊ नका. वाचून झाली की तिला सहज विचारा, की तो राजपुत्र तर ठीकच आहे गं, पण ती मुलगी काय म्हणाली? आणि मोठ्या घरचं स्थळ येईल तेव्हाही, साड्यांचा रंग ठरवण्याआधी, हाच प्रश्न तिला पहिल्यांदा विचारा.